वऱ्हाडेंची दोन खाती

मृगाची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली की आमच्या ऑफिसातला फोन सकाळी सातलाच वाजतो. आमचं सॉफ्टवेअर अडत्यांकडे चालतं. काट्यावरचं वजन, हमाली, तोलाई आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाणारी पट्टी, सगळं त्यातच.

त्या दिवशी एका अडतीचे दिवाणजी होते. "भाऊ, वऱ्हाडेंनी दिवाळीत उचल नेली, पट्टीत ती कापूनच नाही राह्यली. काऊन?"

नावानं शोधलं तर एकच खातं, आणि त्यात उचल नाही. गावानं शोधलं तर दोन. दोन्हीवर 'वऱ्हाडे', काना-मात्रेचाही फरक नाही. दहा मिनिटं स्क्रीनकडे नुसता पाहत बसलो. शेवटी दोन्ही नावांची लांबी कॉम्प्युटरच्या हिशेबानं मोजली, म्हणजे अक्षर, हलंत, काना, मात्रा प्रत्येकी एक धरून: एक ७, दुसरं ८. बाइट मोजले तर २१ आणि २४.

हे जास्तीचं अक्षर डोळ्यांना दिसत नाही. आपला हा अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो. सरळ वाट म्हणजे नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलंत. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलंत आणि त्यामागे शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक. ही युनिकोड २.० च्या काळातली, जुन्या मजकुरासाठी आजही चालवून घेतलेली. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून J दाबलं की पहिलाच ऱ येतो. आमचा जुना डेटा मात्र फाँटातून युनिकोडमध्ये आणताना आम्हीच दुसऱ्या वाटेनं आणला होता. चूक आमची. नंतर कोणीतरी नाव शोधलं, सापडलं नाही, नवीन खातं उघडलं. त्याचं काय चुकलं?

मला वाटलं, एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एक करायची युनिकोडची रीत, लावलं की मिटलं. नाही मिटत. ते र आणि नुक्ता जोडून ऱ करतं, पण जोडकाला हातही लावत नाही.

तोवर आमच्या नव्या पोरानं सर्चच्या कोडमध्ये जोडक उडवून टाकायची एक ओळ घातली. मग रिपोर्टमध्ये, मग एसएमएसमध्ये, मग छपाईत. दुपारी दिवाणजींनी पट्टीचा फोटो पाठवला: 'वर्हाडे', ह च्या डोक्यावर रफार! जोडक गेला की दऱ्यांचा दर्या होतो हे त्याला कोण सांगणार, तो शिकला इंग्रजी मीडियममध्ये. ओरडलो नाही. सर्रास तसंच करतात, मीही केलं असतं.

संध्याकाळी तर्री पोहे खाता खाता ठरलं ते असं. नाव आत येण्याचा दरवाजा एकच. फॉर्म असो, एक्सेल असो की मोबाईल ॲप, सगळ्यांनी तिथूनच यायचं. तिथं 'र, हलंत, जोडक' या तिघांचं 'ऱ, हलंत' करायचं आणि मग एनएफसी. छापायचं नाव एका रकान्यात, शोधायचं दुसऱ्या. उरलेले जोडक फक्त शोधायच्या रकान्यातून काढायचे. इतर कुठल्याही फाईलमध्ये नावाशी खेळ दिसला तर रिव्ह्यूमध्ये परत. हे का केलं ते अर्ध्या पानावर मराठीत लिहून कोडशेजारीच ठेवलं, कारण दोन वर्षांनी मीच विचारणार, हा उद्योग कोणी केला बे?

टेस्टमध्ये चार शब्द घातले: वऱ्हाडे, दऱ्या, दर्या, आचार्य. पहिल्या दोघांच्या दोन्ही तऱ्हा एक व्हायला हव्यात, शेवटच्या दोघांना धक्का लागता कामा नये.

मग जुना डेटा चाळला. अशा अकरा जोड्या निघाल्या. पोरगा म्हणाला, एक स्क्रिप्ट मारतो, पाच मिनिटांत मर्ज. मी म्हटलं थांब, आधी दिवाणजींना यादी पाठव.

त्यांचा निरोप रात्री आला. दहा जोड्या बरोबर. अकरावीतले काका-पुतणे, नाव एक, गाव एक, बगीचे वेगळे, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणंही नाही.