सायकल नंतर घ्या, आधी सीट वर करा

दिवाळी आटोपली, पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली की आमच्या नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात कोणी ना कोणी मला हमखास विचारतं, "ताई, सायकल सुरू करायची आहे, कोणती घेऊ?" विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या पुढच्या. कोणाला शुगर निघालेली, कोणाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलेलं, तर कोणाला नुसतीच लहानपणची हौस. मला हा प्रश्न फार आवडतो.

पण मी दुकानाचं नाव सांगत नाही. विचारते, घरी एखादी सायकल उभी आहे का? बरेचदा असतेच. मुलगी कॉलेजात गेली, तिला गाडी मिळाली आणि तिची सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात, इलेक्ट्रिक मीटरच्या खाली धूळ खात पडली. तीच बाहेर काढा. ट्यूब वाळल्या असतील तर बदलून घ्या, ब्रेकचे रबर नवे टाका, चेन कापडाने पुसून तिला तेल द्या. महिना-दोन महिने ती चालवून पाहिलीत की आपल्याला कसली सायकल हवी ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि रस्त्यावर नेण्याआधी सीट वर करा. मला खरं तर याचबद्दल लिहायचं आहे.

सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले म्हणजे उंची बरोबर, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं असतं. नुकतं शिकणाऱ्या पोराला ते ठीकच आहे. मोठ्या माणसाने तशी चालवली की पॅडल वर येताना गुडघा पार दुमडतो आणि त्या दुमडलेल्या गुडघ्यावरच जोर द्यावा लागतो. आठ-पंधरा दिवसांत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. मग बाई म्हणते, माझ्या वयाला आता हे झेपत नाही, आणि सायकल परत मीटरखाली जाते. वयावर उगाच बोल येतो याचं मला फार वाईट वाटतं.

माझी जाऊ अशीच सोडायला निघाली होती. तिला घेऊन गोपालनगरकडच्या एका मेकॅनिककाकांकडे गेले. काकांनी सायकल पाहिलीही नाही, आधी तिला सीटवर बसवलं. एक हात भिंतीला टेकवायला सांगितला आणि पॅडल फिरवून अगदी खाली नेलं. "आता टाच ठेवा त्याच्यावर." तिने टाच ठेवली, गुडघा चांगलाच वाकलेला. "एवढ्या खाली सीट ठेवून चालवाल त गुडघे दुखणारच ना ताई." पान्याने नट ढिला केला, सीटची दांडी चार बोटं वर ओढली, परत बसवलं. अजून जरा वर. टाच पॅडलवर असताना पाय सरळ झाला तेव्हा काका म्हणाले, "आता टाच काढा, पंजा ठेवा." पंजा ठेवताच गुडघ्यात किंचित बाक आला. तेवढाच बाक हवा.

"पण काका, पाय नाही टेकून राहिले न जमिनीले!" जाऊ घाबरलीच.

"मग उतरा न समोर! सीटवर बसून कायले थांबता?"

काकांचं हे उत्तर सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीने नीट ऐकावं. थांबायचं असलं की दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायचे, वेग मेला की सीटवरून पुढे सरकायचं आणि एक पाय जमिनीवर टेकवायचा. निघताना एक पॅडल वर आणून त्यावर उभं राहायचं. सायकल पुढे जाते आणि आपण आपोआप सीटवर येतो. सोसायटीच्या आवारात किंवा एखाद्या मोकळ्या मैदानात अर्धा तास एवढंच करा. वडिलांच्या मोठ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून कैची चालवलेल्या पिढीला हे अवघड जायचं कारणच नाही.

दोन गोष्टी मात्र पाहा. सीटच्या दांडीवर एक खूण कोरलेली असते, दांडी ती खूण दिसेल इतकी वर काढायची नाही, नाहीतर ती मोडू शकते. आणि पॅडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे, बोटभर खाली घ्या.

आता रस्ता. वर्दळीत प्रतापनगर चौकातून सुरुवात करू नका. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सला जा. ऑफिसं बंद, रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. विधानभवनाच्या आसपास दोन-चार चकरा मारल्या तरी पहिल्या दिवशी पुष्कळ झालं. आउटर रिंग रोडला नव्या माणसाने जाऊच नये, तिथे ट्रक असतात.

आपल्या सिमेंट रोडचं वेगळं सांगायला हवं, कारण दुसऱ्या गावचे लोक हे सांगणार नाहीत. दोन पट्ट्यांमधली सांध्याची उभी फट काही ठिकाणी इतकी उघडी असते की बारीक टायर तिच्यात धरलं जातं. फटीच्या बाजूबाजूने चालवू नका, ओलांडायची तर तिरपं वळून झटकन ओलांडा. कडेचे पेव्हर ब्लॉक तर बऱ्याच जागी रस्त्यापेक्षा खाली बसलेले असतात. मागून हॉर्न आला की माणूस घाबरून त्यावर उतरतो, मग परत रस्त्यावर चढताना चाक त्या कडेला घासत राहतं आणि सायकल आडवी होते. उतरलातच तर थांबा, सायकल उचलून वर घ्या. आणि कडेला चिकटून चालवूच नका, हातभर जागा सोडा. मागच्याला तुम्ही दिसता आणि तुम्हालाही सरकायला जागा राहते.

ओढणी घरी ठेवा. सलवारीची चेनकडची मोहरी क्लिपने आवळा. मागे लाल लाइट दिवसाही चालू असू द्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर यावं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेल्या हेल्मेटचा उपयोग नाही. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका, उतरा, सायकल त्यांच्या आणि आपल्या मध्ये धरून चालत पुढे जा. बहुतेक वेळा ती तिथेच थांबतात.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. तेव्हा निघा आणि सातपर्यंत घरी या. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर त्यानंतर रस्त्यावर थांबायचं नावच नको. थंडीत सात वाजेपर्यंत निघालात तरी चालेल.

सपाटीवर सवय झाली की फुटाळा तलावावरून तेलंगखेडीच्या बाजूने सेमिनरी हिल्सचा चढ घेऊन पाहा. गिअरची सायकल असेल तर तिथे सगळं समजतं. मागची मोठी दातेरी चकरी हलकी, पुढची लहान चकरी हलकी. गिअर चढ लागायच्या आधी, पाय फिरत असतानाच बदलायचा. अर्ध्या चढावर जोर देऊन बदलला तर चेन कडकड करते, कधी उतरते. पाय भरभर फिरावेत आणि दम लागला तरी गुडघ्याला काही कळू नये, इतका हलका गिअर ठेवा. बिनगिअरची असेल तर उतरून चालत चढा. वर झाडीत हवा इतकी छान असते की चालत गेल्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. त्यांचे व्हिडिओ पाहून महागडी रोड बाइक घ्यावीशी वाटते, ते मी समजू शकते, मला त्यांचा अभिमानच आहे. पण इतक्या लांब जाणारे लोक आपल्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात, तेही त्यांच्याकडून घ्या.

महिन्या-दोन महिन्यांनी नवी घ्यायचीच झाली तर आपल्या रस्त्यांना हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली सायकल, बरी. वरची दांडी दोन पायांच्या मधे घेऊन जमिनीवर उभं राहा, अंगाला लागता कामा नये. दुकानातच सीट बसवून मागा आणि चौकापर्यंत चालवून आणा. चालवू देत नसतील तर दुसरं दुकान बघा. सोबत प्रेशरचा काटा असलेला उभा पंप घ्या. टायरच्या बाजूला किती पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची ते छापलेलं असतं, दर आठवड्याला तेवढी भरत जा. सायकल नुसती उभी असली तरी हवा उतरतेच.