तुम्ही विचारलंत म्हणून: बेटावर जाऊन समुद्र कसा नाही पाहिला?

लग्नाच्या पंगतीत, ऑफिसखालच्या टपरीवर, परवा तर सलूनमध्ये दाढीला फेस लावलेला असताना: "श्रीलंकेला जाऊन आले म्हणे, अन् समुद्रच नाही पाहिला का जी?" आणि मग ते हसू. नागपूरच्या माणसाला समुद्राचं अप्रूप जरा जास्तच. मी आजवर "विमानातून दिसला की" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच सविस्तर सांगतो, पुन्हा विचारू नका.

आधी नियोजनाबद्दल, कारण मी बेसावध होतो असा लोकांचा समज आहे. "एवढासा तर देश!" हा पुढचा टोमणा ठरलेलाच. मान्य. अख्खी श्रीलंका साडेपासष्ट हजार चौरस किलोमीटरची, आपल्या विदर्भाहूनही लहान. पण तेवढ्यात उत्तरेला कोरडं रान आणि जुने तलाव, मध्ये अडीच हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर आणि चहाचे मळे, खाली पुन्हा जंगल. कँडीहून नुवारा एलिया ऐंशी किलोमीटरसुद्धा नाही, पण वळणं घेत जायला अडीच-तीन तास लागतात. तेवढ्या वेळात आपण समृद्धीवरून मेहकर गाठतो. नकाशावर बोट फिरवून सहल ठरवणाऱ्यांना हे गाडीत बसल्यावर कळतं. मला आधी माहीत होतं.

पावसाचंही माहीत होतं. त्या देशाला दोन मान्सून. आम्हाला जायचं होतं मेमध्ये. मुलीला सुट्टी तेव्हाच, आणि मे महिन्यात नागपुरात कोण राहतं? तुम्ही दक्षिण किनाऱ्यावरच्या ज्या गाल-मिरिसाचे फोटो मला दाखवता, ते डिसेंबर ते मार्चमधले. मेच्या उत्तरार्धात त्या बाजूला पाऊस उतरतो, समुद्र खवळतो. पूर्वेचा त्रिंकोमालीचा किनारा मात्र त्याच काळात शांत असतो. म्हणून मी त्रिंकोमाली घेतलं होतं, समुद्राकडे तोंड केलेल्या खोल्यांसकट. म्हणजे समुद्र यादीत होता, तोही योग्य बाजूचा.

देश मात्र आईने निवडला होता. थायलंड स्वस्त पडत होतं. "बाबासाहेब १९५० मध्ये गेले होते तिथे, बौद्ध परिषदेला," एवढंच ती म्हणाली, आणि विषय संपला. तिथला जुना बोधिवृक्ष अनुराधापूरला; त्यासाठी मी सकाळ ठेवली होती. दुपारी जेवून निघायचं, शंभरेक किलोमीटर, उजेडात किनारा. एक्सेलमध्ये तसं पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं.

या महाबोधी वृक्षाच्या आवारात अनवाणी जावं लागतं. मेच्या उन्हात दगड असे तापलेले की मी टाचांवर नाचत होतो. आई पांढऱ्या साडीत, चौदा ऑक्टोबरला नेसते तीच, सरळ चालत गेली. झाड पाहून मुलगी कुजबुजली, "एवढंसंच?" अशोकाच्या मुलीने, संघमित्तेने, बोधगयेहून आणलेली फांदी, दोन हजार वर्षांहून जुनी, तिला वाटलं असेल वडासारखा बुंधा असेल. प्रत्यक्षात उंच ओट्यावर सोनेरी कठडा, त्यामागे सोनेरी टेकूंवर तोललेल्या फांद्या. जवळ जाता येत नाही. आई खालच्या वाळूत बसली, पांढऱ्या कपड्यांतल्या सिंहली बायांमध्ये. एकीने तिच्या हातातली कमळाची कळी घेतली, बाहेरच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडल्या, दुसरी कळी तिच्याकडे देऊन "आता तू" अशी मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण त्रिसरण सुरू झालं तेव्हा आईला एका शब्दालाही अडावं लागलं नाही. पाली दोन्हीकडे सारखीच.

एक वाजला. दोन वाजले. "आई, निघायचं." "काहून घाई करून राहिला रे?" तीन वाजता ड्रायव्हर आत येऊन घड्याळ दाखवून गेला, त्या रस्त्यावर अंधार पडला की रानहत्ती येतात, मग तो गाडी नेणार नव्हता. मी आईशेजारी उकिडवा बसलो आणि माझ्या मते बिनतोड मुद्दा मांडला: "अगं, याच झाडाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायनांनी आपल्या दीक्षाभूमीवर आणल्या. घरून ऑटोने दहा मिनिटं. समुद्र नाही नागपुरात."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुलीला म्हणाली, "छप्पन साली दीक्षेच्या वेळी माझ्या बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. काही दिसलं नाही गं, नुसती डोकी. आता समोर दिसून राहिलं, तर तुझा बाप मला समुद्राचं सांगते."

त्या रात्री अनुराधापुरातच खोली शोधली. त्रिंकोमालीच्या हॉटेलचे पैसे परत मिळणारे नव्हते. मी जेवलो नाही; बायको म्हणाली, उपाशी राहून काय पैसे परत येतात का? पुढे सिगिरियाचा खडकावरचा किल्ला किंवा समुद्र, एकच जमत होतं, कारण कँडीहून डोंगरात जाणाऱ्या रेल्वेची आरक्षणं आधीच झालेली होती आणि ती चुकली की नवी मिळणं कठीण. मुलीने सिगिरिया म्हटलं. शेवटच्या दिवशी डोंगरातून थेट विमानतळ. नेगोंबोचा किनारा विमानतळाच्या अगदी शेजारी आहे, हो, माहीत आहे. दरड कोसळली असती तर विमान चुकलं असतं, म्हणून थांबलो नाही.

हे मी पंगतीत का सांगत नाही? सांगून पाहिलंय. काहींचे डोळे पाणावतात: "आईसाठी समुद्र सोडलात!" मी काही सोडलं नाही हो, तो माझ्या हातून काढून घेतला गेला. आणि काही जण "झाडासाठी?" असं विचारून एक विशिष्ट नजर टाकतात. ती नजर मला ओळखू येते. त्यापेक्षा विमानाचं उत्तर बरं.

माझं म्हणणं आजही तेच आहे. मधला एक मुक्काम कमी करून अनुराधापूरला पूर्ण दिवस दिला असता तर दोन्ही झालं असतं. पण पिवळ्या रंगात लिहिणारा तो मी म्हणतो: बसून राहायला किती वेळ लागेल, हे एक्सेलच्या कोणत्या रकान्यात लिहायचं होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. आईला म्हटलं की दोन्ही जमलं असतं, तर ती भाजी निवडता निवडता शांतपणे "हो, जमलं असतं" म्हणते. याचा राग जास्त येतो. भांडली तरी बरं वाटेल.

आता मुलगी त्रिंकोमालीला जायचं म्हणते. आई म्हणते जायचंच तर जूनच्या पौर्णिमेला, पोसोनला. संघमित्तेचा भाऊ महिंद धम्म घेऊन अनुराधापूरजवळच्या मिहिंतलेला आला तो दिवस. मी म्हटलं, त्या दिवशी सगळा देश तिथे लोटतो आणि मिहिंतलेला १८४० पायऱ्या आहेत, तुझे गुडघे बघ. ती म्हणाली, गाडी अर्ध्यावर जाते, मी विचारून ठेवलंय. कोणाला विचारलं, ते सांगत नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तीही सबब मला उरलेली नाही.