निर्लेखित ठरलेले ५९० रुपये

गृहकर्जाचा अर्ज नामंजूर झाल्यावर मी कारण विचारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी 'मॅडम, तुमचं सिबिल बघून घ्या' एवढेच सांगितले. पतमाहिती, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा इतिहास, ठेवणाऱ्या कंपन्या आपल्याकडे चार असल्या तरी सिबिल या एकीचेच नाव बोलण्यात रुळले आहे, त्यामुळे चारही अहवाल पाहायचे असतात हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. मी चारही मागवले आणि त्यांतल्या दोन अहवालांत २०१९ साली बंद केलेले माझे क्रेडिट कार्ड ५९० रुपयांच्या थकबाकीसह 'रिटन ऑफ', म्हणजे निर्लेखित (वसूल होणार नाही असे धरून बँकेने हिशेबातून काढलेले), असे नोंदलेले सापडले. ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असा तो हिशेब होता. आणि हे शुल्क कार्ड बंद झाल्यानंतर लावलेले होते.

अहवाल देणाऱ्या कंपनीकडे मी ऑनलाइन तक्रार केली आणि निश्चिंत झाले, ही माझी चूक. काही आठवड्यांनी 'संबंधित संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे' असे एका ओळीचे उत्तर आले आणि तक्रार बंद झाली. अहवाल देणारी कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही. ज्या बँकेने माहिती पाठवली तिनेच दुरुस्ती मान्य करावी लागते, हे मला तेव्हा उमगले.

मग बँकेच्या शाखेच्या फेऱ्या सुरू झाल्या. शाखेतल्या संगणकावर माझ्या नावावर एक रुपयाही बाकी दिसत नव्हती, म्हणून त्यांच्या मते तक्रारच नव्हती. कार्डाचा विभाग वेगळा, तिथे फोन करा, असे सांगण्यात आले. फोनवर बंद झालेल्या कार्डाचा क्रमांक यंत्रणा स्वीकारेना, आणि क्रमांक स्वीकारल्याशिवाय माणसाशी बोलता येईना. तिसऱ्या फेरीत एका कर्मचाऱ्याने अगदी आपुलकीने सुचवले की ५९० रुपये भरून टाका, विषय मिटेल. मी जवळजवळ भरलेच होते. भरले असते तर थकबाकी शून्य झाली असती, पण खाते पूर्वी निर्लेखित झाल्याची नोंद राहिली असती आणि चूक बँकेची होती हे सिद्ध करण्याचा माझा आधारही गेला असता. अशा वेळी रक्कम लहान आहे हाच सर्वांत मोठा मोह असतो.

वाट मोकळी केली ती एका जुन्या ईमेलने. कार्ड बंद केल्याची २०१९ ची पोच मला सापडली आणि तिच्यावरची तारीख शुल्क लावल्याच्या तारखेच्या आधीची होती. ती जोडून, अहवालावर छापलेला त्याचा नियंत्रण क्रमांक लिहून, मी बँकेच्या नोडल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, लेखी तक्रार केली आणि आधी मागितलेली दुरुस्ती कोणत्या कारणाने नाकारली तेही लेखी मागितले. नाकारण्याचे कारण ग्राहकाला कळवणे बँकेवर बंधनकारक आहे. त्याच दिवशी पतमाहिती कंपनीकडेही नवी तक्रार नोंदवली. तोंडी बोलण्यात गेलेले दोन महिने मला अजून खुपतात.

सांगायचे राहिले: महिन्यांच्या रकान्यांत 'एक्सएक्सएक्स' दिसले म्हणून मी आधी उगाच घाबरले होते. त्याचा अर्थ त्या महिन्याची माहिती संस्थेने कळवली नाही, इतकाच. तो थकीत हप्ता नव्हे. नाव, पॅन आणि जन्मतारीखही आधीच तपासावी, कारण दुसऱ्याचे कर्ज आपल्या अहवालात शिरते ते बहुधा तिथूनच.

या नव्या तक्रारीनंतर ४१व्या दिवशी दुरुस्ती झाली. तक्रारीला ३० दिवस उलटल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे माझ्या खात्यात १,१०० रुपये जमा झाले आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे दाद मागण्याची वेळ आली नाही. तक्रारीच्या अर्जात बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशील मागतात तो याच भरपाईसाठी. पहिल्या तक्रारीत तो रकाना मी, कशाला हवा, म्हणून मोकळा सोडला होता.