पेटी जागेवर, सूर चढलेला

लातुरात बसून जुन्या कॅसेट डिजिटल करून द्यायचं माझं काम. येतं ते बहुतेक कीर्तन, भारूड, भजनी मंडळं. त्यामुळे पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले एक सर मुलीला घेऊन आले आणि म्हणाले, ‘सीक्वेन्सरवर केलेलं संगीत आहे, माझंच,’ तेव्हा हातातलं काम मी बाजूला ठेवलं.

ताईंना वडिलांच्या या सगळ्या कामातून एक निवडक संच काढायचा होता. काही रचनांमध्ये सीक्वेन्सर, म्हणजे ठरवलेले स्वर आपोआप क्रमानं वाजवणारं यंत्र, स्वरांची एक छोटी साखळी सतत फिरवत राहतं, काहींमध्ये ठेकाच नाही, नुसते खोल, लांब, अंधारे ध्वनी. आज ज्याला डार्क अँबियंट म्हणतात तेच. सरांना त्या काळी हे नाव माहीत नव्हतं. पुण्याच्या एका मित्रानं टँजरिन ड्रीम या जर्मन बँडच्या १९७४ सालच्या ‘फेड्रा’ अल्बमची कॅसेट भरून दिली, तिथून त्यांचं वेड सुरू झालं. त्यात वापरलेला मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर तयार करणारं वाद्य, घेणं तर शक्यच नव्हतं. मग त्यांनी सीक्वेन्सर स्वतः बनवला. ५५५ टायमर ठोके देतो, ४०१७ हा काउंटर आयसी प्रत्येक ठोक्याला एक पायरी पुढे सरकतो, आणि प्रत्येक पायरीच्या पॉटवरून, म्हणजे फिरवायच्या बटणावरून, ऑसिलेटरला, म्हणजे स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटला, वेगळा व्होल्टेज जातो. ४०१७ ला दहा पायऱ्या असतात. नववी रीसेटला जोडली की मोजणी पुन्हा पहिलीपासून, आणि आठ स्वरांचं आवर्तन तयार.

अडचण आली ती ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळी रचनेत. सुरुवातीला साखळी स्वच्छ सुरात, आणि पुढे हळूहळू चढत जाते. ताई म्हणाल्या, ‘टेप खराब झालीय. सॉफ्टवेअरनं सरळ करून द्या ना.’

हे करायला दहा मिनिटं लागतात. पण कारण कळल्याशिवाय सूर हलवायचा नाही, हा माझा नियम. रेकॉर्डिंग करताना डेकची मोटर मंदावत गेली असेल, तर आज बरोबर वेगानं वाजवताना सूर चढलेलाच ऐकू येणार. म्हणजे शंका रास्त होती.

आधी डेकच्या फीत वाचणाऱ्या हेडचा कोन त्या टेपला जुळवून घेतला. वरचे ध्वनी उघडले, आणि साखळीच्या मागे काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं जाणवलं. एकच सूर, अखंड. मध्येच हलकासा दम घेतल्यासारखा.

‘सर, ही पेटी आहे का?’

‘पेटीच ती. एक पट्टी दाबून धरलेली.’

‘आणि भाता मी मारत होते,’ ताई म्हणाल्या. ‘हात दुखायचे. बाबा थांबू द्यायचे नाहीत.’

मग मी पेटीचा सूर सुरुवातीला मोजला, शेवटी मोजला. जागच्या जागी. टेपचा वेग बिघडला असता तर साखळीबरोबर पेटीही चढली असती. एकाच फितीवर एक सूर चढतो आणि दुसरा हलत नाही, हे वेगाच्या दोषानं होऊच शकत नाही. चढला होता तो ऑसिलेटर.

सरांना विचारलं, तेव्हा खोलीत नेमकं काय चाललं होतं? ते जरा थांबून म्हणाले, ‘पेटीसाठी माइक लावावा लागायचा. माइक लावला की कूलर बंद.’

मे महिना, लातूर, बंद खोली, बंद कूलर. तापमान वाढलं की ऑसिलेटरमधल्या ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरमधला व्होल्टेज अंशामागे साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतो. त्याची भरपाई करणारी जोडणी नसेल तर त्याच व्होल्टेजला जास्त प्रवाह वाहतो आणि सूर चढतो. म्हणजे त्या फितीवर खोलीचं तापत जाणं ऐकू येत होतं.

आणि खरी गंमत त्याच्याही पुढे होती. २२० आणि २२२ कंपनांचे सूर एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. साखळीतला एक स्वर पेटीशी जुळवलेला होता. तो पेटीपासून जसजसा दूर गेला तसतसे हेलकावे वाढत गेले. आठ स्वरांचा वेग तोच, तरी रचना आतून वेग घेते. हे सरळ करणं म्हणजे रचनाच मारून टाकणं, असं मी ताईंना स्पष्ट सांगितलं. ‘फेड्रा’त मूगचे ऑसिलेटर असेच ढळले, आणि ते ढळणं रेकॉर्डवर तसंच ठेवलं गेलं, हेही सांगितलं. ताईंनी हेडफोन लावून पुन्हा पूर्ण ऐकलं आणि म्हणाल्या, ‘राहू द्या.’

नंतरच्या दुसऱ्या एका कॅसेटमध्ये सूर असाच चढत होता, पण तिथे मागची विजेची गुणगुणही त्याच प्रमाणात चढत होती. नुसत्या गुणगुणीवर माझा भरवसा नसतो, त्या काळी वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० कंपनं, काही पक्के नसत. पण दोन्ही एकाच प्रमाणात हलले म्हणजे दोष डेकचा. ती रचना मी सरळ केली.

भूकंपानंतरची रचना मात्र सर्वांत अवघड गेली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक झोपलेले. सर पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांकडे गेले होते, सेलवर चालणारा रेकॉर्डर घेऊन. या रचनेत साखळी नाही. तळाला एक जड ध्वनी आणि वर सतत खरखर. फितीची खरखर काढायचा फिल्टर मी लावणार, तेवढ्यात सर म्हणाले, ‘ती नका काढू. पत्र्यावरचा पाऊस आहे तो.’ मग फितीवर काहीच भरलेलं नाही अशी जागा शोधून फितीची स्वतःची खरखर वेगळी ओळखली आणि जेमतेम थोडी खाली आणली. पावसाला हात लावला नाही.

अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ साली मूग बसवला. तिथल्या कामाच्या फिती कित्येक वर्षं कपाटात होत्या, संच निघाला २०२३ साली. सरांच्या कॅसेट इतका काळ आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकतील याची मला खात्री नाही, म्हणून मीच घाई केली. क्रम सालवार लावायचा हा माझा हट्ट होता, तो दोघांनी मान्य केला. दोन रचना सरांनी स्वतः वगळल्या. पुस्तिकेत त्यांचा फोटो घालू म्हटलं तर ते नको म्हणाले आणि त्याऐवजी सीक्वेन्सरचा सर्किट डायग्राम काढायला घेतला, कुणाला बनवायचा असेल तर बनवता यावा म्हणून.