उघडं पळतं, कपडे घातले की अडतं

मॉडेल रेल्वेच्या एका इंजिनाची बॉडी उतरवून दुसऱ्याच्या चासीवर चढवायची, हे अर्ध्या तासाचं काम आहे असं मीच चार जणांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मला अडीच महिने लागले. त्यातला दीड महिना पार्सलचा, तो एक वेळ सोडून देतो (देणार नाही, येईलच पुढे). पण उरलेल्यातले एकवीस दिवस ज्या गोष्टीनं खाल्ले, ती तांदळाच्या दाण्याएवढीही नव्हती. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे एचओ मापाचं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, डब्ल्यूडीएम-२ या भारतीय डिझेल इंजिनाचं मॉडेल आहे. वरची बॉडी थ्री-डी प्रिंट केलेली, एका मित्रानं करून दिलेली. रंग मी दिला, पितळी तारेची रेलिंगं मी केली. खाली मात्र तेव्हा हाताशी होती ती चार ॲक्सलची अमेरिकन चासी. दोन वर्षं ते तसंच पळत होतं आणि मला त्यात काही खटकत नव्हतं. मग दिवाळीत गल्लीतले काका फराळाला आले. मिरजेला ड्रायव्हर होते, पुणे-कोल्हापूर लाइनवर डिझेल हाकण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी हातातली चकली बशीत ठेवली, टेबलाशी वाकून चाकं मोजली आणि म्हणाले, "आरं, सव्वीसशे हॉर्सपॉवरच्या इंजनाचा टांगा केलास की!"

बोलले ते खरंच होतं. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे आल्को या अमेरिकन कंपनीचं डीएल-५६०सी. पहिली इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेहून आली, १९६४ पासून ती वाराणसीला बनायला लागली. वर १६ सिलिंडर आणि खाली तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोग्या. (बोगी म्हणजे डबा नव्हे, डब्याखालचा किंवा इंजिनाखालचा चाकांचा सांगाडा. हे घरच्यांना सांगून मी दमलोय.) या बोगीची ओळख अशी की तिन्ही ॲक्सल सारख्या अंतरावर नसतात, एक अंतर कमी, एक जास्त. ट्रायमाउंट म्हणतात तिला. अमेरिकेत आल्कोच्या आरएसडी इंजिनांखालीही ट्रायमाउंटच असायची आणि आरएसडीची जुनी एचओ मॉडेलं तिकडे वापरलेल्या मालात मिळतात. म्हणजे एक आरएसडी घ्यायचं, त्याची चासी माझ्या बॉडीला आणि त्याची बॉडी माझ्या जुन्या चासीला. साटंलोटंच म्हणा.

आता पार्सल. विकणाऱ्या भल्या माणसानं फॉर्मवर "जुनं खेळण्यातलं लोकोमोटिव्ह" असं लिहिलं. २०२१ च्या जानेवारीपासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. कुरिअरच्या खिडकीतून मला सांगितलं, सर्टिफिकेट आणा. मी म्हटलं, हे खेळणं नाही, मॉडेल आहे. तर म्हणाले, मग इथं लोकोमोटिव्ह लिहिलंय, त्याचं कलम वेगळं, इंजिनाचे कागद आणा. पावशेर वजनाच्या खोक्याचे! पाच फेऱ्या झाल्या, तीन वेळा आधार कार्डाची झेरॉक्स दिली आणि शेवटी खोकं गेलं परत. नंतर न्यू जर्सीहून येणाऱ्या मावसभावानं ते लोकरीच्या मोज्यात गुंडाळून आणलं. नियमात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. तेव्हा पाठवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की मोठ्यांच्या संग्रहासाठीचं मॉडेल आहे असं सरळ खरं काय ते लिही. "टॉय" हा शब्द खोक्यावर कुठेही नको.

प्रत्यक्ष अदलाबदल मात्र मजेत झाली. मसाल्याचा डबा रिकामा करून घेतला आणि ज्या क्रमानं स्क्रू निघाले त्या क्रमानं सात वाट्यांत टाकले. आरएसडीची चासी माझ्या बॉडीपेक्षा लांब, त्यामुळे कपलरखालची (डबे जोडायच्या आकड्याखालची) दोन्ही टोकं करवतीनं उडवली. मधलं जस्ताचं वजन केबिनच्या भिंतीला अडत होतं, तिथं कानस मारली. हे करताना मोटर बाहेर काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. मी आधी आळस केला होता, कीस आत गेला आणि मोटर दळणासारखी करकरली. पुन्हा सगळं उघडून ब्रशनं झाडावं लागलं. रविवारी दुपारपर्यंत उघडी चासी रुळांवर ४० फेऱ्या मारून आली, आवाज नाही, धक्का नाही. बॉडी चढवली, स्क्रू आवळले, घरच्यांना हाक मारली.

सरळ रुळावर झोकात निघालं. वळणात शिरलं आणि ठप्प. कंट्रोलरचा लाल दिवा. शॉर्ट, म्हणजे दोन रुळांतली वीज कुठं तरी थेट जोडली जातेय.

उचललं, पुन्हा ठेवलं. सरळ चाललं, वळणात ठप्प. बॉडी काढली, तर वळणातूनही पाण्यासारखं गेलं. बॉडी घातली, ठप्प. आई म्हणाली, "उघडं पळतंय, कपडे घातले की अडतंय. तुझ्यासारखंच आहे, लहानपणी तूही असाच होतास."

इथून पुढचे एकवीस दिवस मी जे केलं ते चुकीच्या क्रमानं केलं. ते सांगतो, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

आधी रुळावर संशय घेतला. माझं वळण २२ इंच त्रिज्येचं आहे, सहा ॲक्सलच्या इंजिनाला पुरेसं. तरी वाटलं, चाकं कुठं तरी रुळावर चढत असतील. रूळ अल्कोहोलनं पुसले. सांध्यांच्या पट्ट्या बदलल्या. मग वळणाचे दोन तुकडे खिळ्यांसकट उपटून नवे बसवले. प्लायवुडला पडलेली भोकं अजून आहेत. काही फरक नाही.

मग मल्टिमीटर. इंजिन टेबलावर ठेवून डाव्या चाकांना एक टोक, उजव्या चाकांना दुसरं. शॉर्ट असेल तर बीप वाजायला हवा. मीटर गप्प. बॉडी दाबून पाहिली, तिरकी करून पाहिली, उलटी करून हलवली. गप्प. मीटरची बॅटरी बदलली. तरी गप्पच. मी इथंच फसलो आणि का फसलो ते खाली येईलच.

एका जाणकारानं फोनवर निदान केलं की मोटर गेली. उघडी चासी ४० फेऱ्या मारते म्हटल्यावरही त्याचं आपलं मोटरच. मीही मोटर काढून कम्युटेटर (मोटरमधला वीज घेणारा फिरता भाग) साफ केला. माणूस हरायला आला की कुणाचंही ऐकतो.

त्यानंतरची युक्ती माझी स्वतःची आणि मला तिचा थोडा अभिमानही होता. बॉडी आतून चासीला नेमकी कुठं टेकते ते दिसावं म्हणून देवघरातलं कुंकू तेलात कालवून चासीच्या सगळ्या उंचवट्यांना लावलं. बॉडी घातली, वळणात नेली, काढली. आत छताला दोन ठसठशीत लाल टिकल्या. सापडला चोर! मी पाच संध्याकाळी घालवून ते वजन वरून मिलिमीटरभर कानसलं. धातू प्लास्टिकला टेकला तर शॉर्ट होत नाही, हे आठवीतल्या मुलाला कळतं. मला सहाव्या दिवशी कळलं. कुंकवाचा करंडा रिकामा कसा झाला, याचा जाब वेगळाच द्यावा लागला.

विसाव्या दिवशी मी ते इंजिन शेल्फवर शोभेला ठेवायचं ठरवलं होतं. रविवारी बहीण आली आणि तिचा मुलगा, वय नऊ, न विचारता ट्रेनच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी आतून आवाज, "मामा, हे चालतंय की!"

आत गेलो तर डब्ल्यूडीएम-२ वळणावर वळण घेत फिरतंय. दिवा हिरवा. मी म्हटलं, काय केलंस? म्हणाला, काही नाही, ठेवलं आणि चालू केलं. मी ते उचलून नेहमीसारखं ठेवलं. ठप्प. त्यानं माझ्या हातातून घेतलं आणि तोंड उलट्या दिशेला करून ठेवलं. पळालं.

त्यानं नुसतं तोंड फिरवून ठेवलं होतं, बाकी रूळ तेच, इंजिन तेच. मग मला उजेड पडला. गोल रुळावर इंजिनाचं तोंड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेला असेल तर पुढची बोगी कायम उजवीकडे वळलेली राहते. तोंड फिरवलं की ती डावीकडे वळते. म्हणजे रूळ, मोटर, छत सगळे निर्दोष. बोगी उजवीकडे वळली की आत काही तरी काहीला तरी शिवतंय. आणि टेबलावर मीटर गप्प का? कारण टेबलावर बोगी सरळ असते! मी मीटर लावून बोटानं पुढची बोगी उजवीकडे ढकलली. बीप. सोडली, गप्प. ढकलली, बीप. असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

बॉडी काढून आत टॉर्च मारला. पुढच्या हूडला (केबिनपुढच्या खोक्यासारख्या भागाला) वळसा घालणारं रेलिंग मी एकाच तारेचं केलं होतं. तिची दोन्ही टोकं भिंतीतून आत येतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. गोंद धरावा म्हणून मीच ती आत तीन-तीन मिलिमीटर लांब सोडली होती. जुन्या चासीवर त्या जागी रिकामी हवा होती, म्हणून दोन वर्षं काही बिघडलं नाही. आरएसडीच्या बोगीला मात्र चाकांतून वीज उचलणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी वर आलेल्या, डावी पट्टी डाव्या रुळाची, उजवी उजव्या. तारेचं उजवं टोक उजव्या पट्टीला कायम टेकलेलं होतं. एकटं टेकलं तर काही होत नाही. बोगी उजवीकडे वळली की डावी पट्टी पुढे सरकून डाव्या टोकाला चिकटायची आणि दोन्ही रूळ माझ्याच रेलिंगनं जोडले जायचे.

निपरनं दोन्ही टोकं कापली, वर फेविक्विकचा थेंब, त्यावर बहिणीच्या पर्समधलं नेलपॉलिश. वीज अडवायला नेलपॉलिश चांगलं चालतं. चार मिनिटं लागली. नेलपॉलिशचा रंग गुलाबी आहे, बॉडीच्या आत असल्यामुळे कुणाला दिसत नाही.

तर बॉडी बदलण्याआधी तिच्या आतून बोट फिरवा. टोचेल ते सगळं कापा. आणि मीटर लावाल तेव्हा बोग्या दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, मागचीसुद्धा. हो, आणखी एक राहिलं. चासी जुनी असेल तर गिअरमधलं वंगण चिक्कीसारखं घट्ट झालेलं असतं, ते खरवडून काढल्याशिवाय मोटरला दोष देऊ नका. नवं तेल प्लास्टिकला चालणारंच घ्या, शिलाई मशीनचं नको. आणि स्क्रू शेवटपर्यंत आवळू नका, पाव फेरी सोडा. आवळले तर बोगी जड वळते आणि वळणात पुढचं चाक उचलतं. हे मला पार्सलच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बोगीच्या आवरणावर नाव कोरलेली बाजू आत ठेवायची की बाहेर, यावरही माझं एक मत आहे, पण ते असो.

आरएसडीची बॉडी आता चार ॲक्सलच्या चासीवर आहे. नीट बसत नाही, मागून उचललेली दिसते, रबर बँडनं धरलीय. ती मात्र कुठल्याही तोंडानं ठेवा, पहिल्या दिवसापासून एकदाही अडलेली नाही. भाच्याला तीच आवडते.

काकांना मी मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकले, चाकं मोजली. मग करंगळी बोगीपाशी नेऊन पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या ॲक्सलमधलं अंतर ताडलं. मान हलवली. मी श्वास सोडला. मग त्यांनी डोकं आणखी खाली नेलं, एक डोळा मिटून रुळांच्या रेषेत बघितलं आणि म्हणाले, "पर रूळ जवळजवळ हाईत रं. आपलं ब्रॉडगेज हाय, हे एवढं चिंचोळं कसं?"

आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ नं भागलं की १९.३ येतो. माझे रूळ, जगभरच्या एचओसारखे, १६.५ चे आहेत. मी चहा ठेवायला आत गेलो.