तुम्ही विचारलंत म्हणून: घोटा दुखरा आणि बूट पातळ, असं का?

ट्रेकला दरवेळी कोणीतरी माझ्या पायाकडे बघून विचारतंच, की अगं तुझा घोटा दोनदा गेलाय ना, मग हे पापडासारखे सोल कसले, चांगले जाड गुबगुबीत बूट घे की. घेतले होते! तीच तर गोष्ट आहे.

पहिल्यांदा डावा पाय मुरगळला तो राजगड उतरताना, पाली दरवाज्याच्या खाली, एक दगड हलला, पाऊल आत वळलं आणि घोट्याला बाहेरून बटाट्याएवढी सूज. आईने आंबेहळदीचा लेप लावला, तीन आठवड्यांत मी चालायला लागले आणि वाटलं झालं. मग दुकानातल्या माणसाचं ऐकून इतके मऊ बूट घेतले की गादीवर चालल्यासारखं वाटायचं, आणि थोड्याच महिन्यांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये परत तोच पाय. सपाट जमिनीवर हो, साधा स्पीडब्रेकरसुद्धा नव्हता.

फिजिओ म्हणाली, डोळे मिट आणि एका पायावर उभी राहा. उजव्यावर तीस सेकंद आरामात. डाव्यावर चार मोजायच्या आत टेबल धरलं. ताकद होती पायात, पण आपण कुठे कलतोय हेच त्याला कळत नव्हतं. घोट्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, ही नुसती दोरी नाही म्हणे, त्यात ताण ओळखणाऱ्या नसांची टोकं असतात, दोरी फाटली की तीही दुखावतात. सूज उतरते, पण ही जाण आपोआप परत येईलच असं नाही. १९६५ मध्येच फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जनने सहकाऱ्यांबरोबर हे मांडलं होतं, पाय पुन्हा पुन्हा का लचकतो याचं कारण म्हणून. पुढे त्यात मेंदूचाही भाग आहे वगैरे भर पडली, ते असो.

घोट्याकडून नीट खबर येत नसेल, तर मग उरतो तळवा. दाब, ताण, थरथर, सगळं टिपणारी कातडी आहे ती, आणि नेमकं तिच्याच खाली मी दोन बोटं फोम घातला होता. घरी करून बघा, वर्तमानपत्राची घडी पावलाच्या बाहेरच्या कडेखाली सरकवा, अनवाणी असाल तर लगेच कळतं, जाड बुटात पत्ताच लागत नाही. वर सोल जाड म्हणजे पाऊल उंच, कलंडलं की झटकाही मोठा, हिल्स घालणाऱ्यांना विचारा.

पण म्हणून उद्यापासून अनवाणी पळू नका हं. मी आधी महिनोन्‌महिने बॅलन्सचे व्यायाम केले, मग हळूहळू पातळ सोलवर आले, आणि अवघड उतरणीला अजूनही ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, बांधते. डायबेटिसमुळे तळव्याची जाणीव गेलेल्यांनी तर हे करूच नये, त्यांना काच रुतली तरी समजत नाही, त्यांचे बूट डॉक्टरांनीच ठरवावेत. आणि ताजी लचक असेल तर माझे बूट बघत बसू नका, आधी फ्रॅक्चर नाही ना ते बघून घ्या.

व्यायाम अजून चालू आहे. रोज सकाळी दात घासताना डाव्या पायावर, डोळे मिटून, बेसिनला हात न लावता. घरात मला बगळा म्हणतात. काल अठ्ठावीसपर्यंत गेले होते, तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली.