युबिक्विटस गवत

'युबिक्विटस', म्हणजे जिथे तिथे आढळणारे, हे इंग्रजी विशेषण हल्ली फार स्वस्त झाले आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स, चहाच्या टपऱ्या, सेल्फी, जे जे चार ठिकाणी दिसेल त्याला ते चिकटवून आपण मोकळे होतो. पण फ्लेक्स कोणीतरी पैसे मोजून लावतो आणि टपरी गिऱ्हाईक पाहून उभी राहते; जे कोणी लावले नाही, कोणाला नको आहे आणि तरीही जिथे तिथे आहेच, त्यालाच ते शोभावे, असे माझे जरा कडक मत आहे. या कसोटीला गाजर गवत पुरेपूर उतरते.

पुण्यात त्याची नोंद १९५५ साली झाली. अमेरिकी गव्हाबरोबर ते आले, असे सर्रास सांगितले जाते आणि खापर पीएल-४८० या अमेरिकेशी झालेल्या धान्य-आयातीच्या करारावर फुटते. तो करार मात्र ऑगस्ट १९५६ चा आहे. ते आले कसेही असो, रेल्वेचे रूळ, पडीक शेते, रस्त्यांचे दुभाजक, बंद पडलेल्या बांधकामांची जोती, सगळीकडे त्याने बस्तान बसवले. गाजरासारख्या पानांमुळे गाजर गवत, टोपीसारख्या पांढऱ्या फुलांमुळे काँग्रेस गवत आणि कुठे कुठे चटक चांदणी. इतकी लाडकी नावे एखाद्या गुणी वनस्पतीच्याही वाट्याला क्वचितच येतात. जवळून पाहिले तर चांदणी हे नाव खोटे नाही, कारण ते इवलेसे फूल खरोखरच पाच टोकांचे असते. मात्र प्रत्येक टोकामागे एक बी दडलेले असते, आणि एकेका झाडावर हजारो बिया धरतात. अंगाला लागले तर अनेकांना खाज सुटते, परागांनी दम्याचा त्रास बळावतो आणि गुरांनी खाल्ले तर दूध कडवट होते.

त्याचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोतून भुंगे आणून १९८४ मध्ये बंगळूरजवळ सोडण्यात आले. हे भुंगे पावसाळ्यात पानांची अक्षरशः चाळण करतात, पण पाऊस ओसरला की जमिनीत शिरून निवांत झोपी जातात, आणि गवताला उगवायला थोडीशी ओलही पुरते. मग उरतो तो हातमोजे घालून, फुलोऱ्याआधी, मुळासकट उपटण्याचा जुना उपाय. आमच्या सोसायटीत हे काम दरवर्षी मोठ्या उत्साहाने होते, फक्त ते फुले येऊन बी झडल्यावर होते.